शून्य कुठलं धरलं?

माझ्याकडे कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, येणाऱ्या बऱ्याच प्रेशर गेजच्या (दाबमापकांच्या) डायलवर आकड्यांची दोन वर्तुळं असतात. बाहेरचं काळं, आतलं लाल. काळ्यावर किलो प्रति चौरस सेंटिमीटर, लालवर पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच. काटा एकच. तो काळ्या ७ वर नेमका आला की लाल वर्तुळातल्या शंभराच्या खुणेच्या जरासा अलीकडे असतो, कारण तिथला खरा आकडा ९९.६ आहे. चांगल्या डायलवर या दोन खुणा एका रेषेत येऊ दिलेल्या नसतात. मधे अर्ध्याएक मिलिमीटरची फट असते. भिंगातून पाहिलं की ती स्वच्छ दिसते, आणि ती जपणाऱ्या डायल छापणाऱ्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. सात किलो म्हणजे शंभर पीएसआय असं सगळेच म्हणतात, मीही बोलताना म्हणते. पण डायलवर तसं छापायचं नसतं.

दाबाची एककं बदलायची म्हटलं की लोक गुणक मागतात, आणि गुणक देणं सोपं आहे. एक बार म्हणजे एक लाख पास्कल. तोच १४.५०४ पीएसआय, तोच १.०१९७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, तोच ७५०.०६ मिलिमीटर पारा, तोच १०१९.७ सेंटिमीटर पाणी. हा तक्ता मला पाठ आहे आणि तो पाठ असणं कामाचं आहे. तरी कुणी एखादा आकडा टाकून "याचे बार किती होतात?" असं विचारलं, तर माझ्या तोंडून आधी प्रश्नच येतात. हा दाब कशाच्या तुलनेत मोजलाय? कशाने मोजलाय? दाबाच्या बाबतीत गुणाकार शेवटी येतो. त्याआधी शून्य कुठलं धरलंय ते ठरलेलं असावं लागतं.

ही सवय धंद्यातून लागली हे खरं, पण तिची मुळं जुनी आहेत. पंपाने पाणी साधारण दहा मीटरच्या वर ओढता येत नाही, हे पंप बसवणाऱ्यांना सतराव्या शतकात अनुभवाने माहीत होतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. त्याच्या पश्चात टॉरिचेलीने पाण्याऐवजी पारा घ्यायचं ठरवलं. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड, म्हणजे दहा मीटरचा खटाटोप हातभर काचेच्या नळीत मावतो. नळी पाऱ्याने भरायची, तोंड बोटाने दाबून पाऱ्याच्या वाटीत उलटी करायची आणि बोट काढायचं. पारा उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर उरते ती रिकामी जागा. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं टॉरिचेलीने १६४४ साली एका पत्रात लिहिलं. पारा आतून कुणी ओढून धरलेला नाही, बाहेरच्या हवेने तो ढकलून धरला आहे, हे म्हणायला त्या काळी मोठं धाडस लागत होतं.

मला त्याहून जास्त ओढ आहे ती पुढच्या प्रयोगाची. ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पारा आणि नळ्या घेऊन प्यूय द डोम या डोंगरावर चढला. माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे साडेआठ सेंटिमीटरने कमी भरली. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण पेरिएने वर जायच्या आधी पायथ्याच्या मठात दुसरी नळी उभी केली होती, आणि तिथल्या एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं होतं. ती नळी दिवसभर हलली नाही. त्यामुळेच वरची घट डोंगराच्या उंचीमुळे झाली, हवामान पालटल्यामुळे झाली नाही, हे छातीठोकपणे सांगता आलं. डोंगर चढणाऱ्याचं नाव राहिलं. दिवसभर एका न हलणाऱ्या पाऱ्याकडे बघत बसलेल्या माणसाचं काम मला तेवढंच मोलाचं वाटतं, कारण मापन त्याच्यामुळे पुरं झालं. तुलनेची दुसरी बाजू त्याने सांभाळली होती.

पाऱ्याच्या स्तंभातून मिळालेलं एकक आजही चालू आहे. मिलिमीटर पारा म्हणताना खरं तर आपण लांबी सांगतो, आणि लांबीवरून दाब काढायला पाऱ्याची घनता आणि तिथलं गुरुत्व लागतं. प्रमाण मिलिमीटर शून्य अंश सेल्सिअसच्या पाऱ्याचा आणि ९.८०६६५ या गुरुत्व त्वरणाचा धरलेला आहे. हा गुरुत्वाचा आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून दिला. आता नळी तीस अंशांच्या खोलीत उभी करा. पारा प्रसरण पावतो, हलका होतो, आणि ७६० मिलिमीटरचा दाब तोलायला त्याला चार मिलिमीटर जास्त चढावं लागतं. तीच नळी विषुववृत्ताजवळ नेली तर गुरुत्व थोडं कमी, म्हणून आणखी दोन मिलिमीटर. मोजपट्टीचं प्रसरण बाजूला ठेवलं, तरी एकाच दाबाला एका ठिकाणी ७६० आणि दुसऱ्या ठिकाणी ७६६ वाचलं जाईल. दोन्ही वाचणारे प्रामाणिक, दोघांचे डोळे चांगले. पाऱ्याचे बॅरोमीटर रोज वाचणारी माणसं म्हणूनच शेजारच्या तापमापीचीही नोंद करत आणि तक्त्यातून दुरुस्ती काढत.

या कटकटीतून सुटायला टॉर या दाबाच्या दुसऱ्या एककाची व्याख्या वेगळी केली गेली. प्रमाण वातावरण म्हणजे १,०१,३२५ पास्कल, हे १९५४ साली ठरलं. त्याचा ७६० वा भाग म्हणजे एक टॉर. यात पारा कुठेच नाही. टॉर आणि मिलिमीटर पारा यांच्यात आज उरलेला फरक साधारण सत्तर लाखांत एक एवढा आहे. व्यवहारात तो कुणालाच दिसत नाही. पण एकाच्या मागे एक पदार्थ उभा आहे आणि दुसऱ्याच्या मागे फक्त ठरलेला आकडा, हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

किलो प्रति चौरस सेंटिमीटरचं दुखणं गुरुत्वाचंच. माझं रोजचं यंत्र डेडवेट टेस्टर. त्यात तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक घासून गुळगुळीत केलेला दट्ट्या असतो, त्यावर चकत्यांची वजनं रचायची, आणि हातपंपाने तेलाचा दाब वाढवत न्यायचा. दाब आणि वजन जुळले की अख्खा डोलारा उचलला जातो आणि तेलावर तरंगायला लागतो. मग वजनांना हाताने हळूच फिरकी द्यायची, म्हणजे दट्ट्या नळकांड्याला कुठे अडत नाही. वजनं गरगरत राहतात, दट्ट्या डोळ्याला कळेल न कळेल इतक्या सावकाश खाली बसत जातो, आणि तेवढ्या वेळात तपासायच्या गेजवर बोटाने हलकी टिचकी मारून काटा वाचायचा. दाब चढवताना एकदा, उतरवताना एकदा. इतकी सरळ गोष्ट आहे: वजन भागिले क्षेत्रफळ. पण वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व, आणि पृथ्वीवर गुरुत्व विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अर्ध्या टक्क्याने बदलतं. चकती तीच, दट्ट्या तोच, दाब मात्र ठिकाणागणिक वेगळा. म्हणून प्रयोगशाळेच्या जागेचं गुरुत्व माहीत करून घेऊन दुरुस्ती करावी लागते. ज्याला ही दुरुस्ती ठाऊक नाही तोही डायलवर "किलो" वाचतोच.

पास्कलमध्ये यातलं काहीच नाही. एक न्यूटन बल, एक चौरस मीटर जागा. १९७१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने हे नाव मंजूर केलं. तक्रार एकच, की ते एकक फार लहान आहे. छपाईचा नेहमीचा ८० ग्रॅमचा कागद घ्या, म्हणजे ज्याचा एक चौरस मीटर ८० ग्रॅम भरतो तो. टेबलावर सपाट ठेवलेला असा एक कागद टेबलाला ०.७८ पास्कलने दाबतो. पूर्ण एक पास्कलसुद्धा नाही. उलट बाजूने पाहिलं तर तेवढाही फार मोठा आहे: माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची मोजणी २० मायक्रोपास्कलपासून सुरू होते, म्हणजे त्या कागदाचा दाब त्याच्या सुमारे चाळीस हजारपट. हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मी टेबलावरचा कागद उचलून परत ठेवला होता. रूपांतरातून हे मिळतं. एरवी एकमेकांकडे न बघणाऱ्या दोन गोष्टी एका पट्टीवर येतात.

आईच्या ऑपरेशननंतर ती काही दिवस आयसीयूत होती. भेटीच्या वेळेत तिच्याशी बोलता येत नव्हतं, तेव्हा मी पलंगाभोवतीचे आकडे वाचायचे. मॉनिटरवर धमनीतल्या रक्ताचा दाब, मिलिमीटर पाऱ्यात. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर सेंटिमीटर पाणी. भिंतीवर ऑक्सिजनच्या लाइनचं गेज, काटा ४ बारवर. शेजारी सक्शनचं गेज, त्याचे आकडे शून्यापासून उलटे, पुन्हा मिलिमीटर पाऱ्यात. हात लांब केला तर पोचेल एवढ्या जागेत तीन एककं, आणि प्रत्येकाकडे बघणारं माणूस आपापल्या एककात पटकन विचार करणारं.

मी मनातल्या मनात सगळं एका एककात आणायला लागले. व्हेंटिलेटर श्वासाच्या शेवटी फुप्फुसात जो दाब शिल्लक ठेवत होता तो ५ सेंटिमीटर पाणी. त्याचे होतात ४९० पास्कल, किंवा ३.७ मिलिमीटर पारा. धमनीतला सरासरी दाब ८० मिलिमीटर पारा, म्हणजे १०९ सेंटिमीटर पाणी. भिंतीतला ऑक्सिजन ४ बार, म्हणजे ४०७९ सेंटिमीटर पाणी. फुप्फुसात शिल्लक ठेवायच्या दाबाच्या आठशेपट दाबाने ऑक्सिजन भिंतीत उभा होता, आणि दोघांच्या मधे ते यंत्र काम करत होतं. तिन्ही आकडे त्यांच्या त्यांच्या एककात ५, ८० आणि ४ असे साधे, घरगुती दिसत होते. एका पट्टीवर आणल्यावर मला व्हेंटिलेटरच्या झडपांचं काम कळलं.

फुप्फुसासाठी पाणी आणि रक्तासाठी पारा, ही वाटणी उगाच झालेली नाही. स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीत काचेची लांब नळी जोडून रक्त किती उंच चढतं ते पाहिलं आणि १७३३ साली छापलं. रक्त आठ फूट तीन इंच चढलं होतं. रक्ताची घनता पाण्याहून किंचित जास्त धरून हिशेब केला की ते होतात सुमारे १९५ मिलिमीटर पारा, आणि ते बांधून आडवं पाडलेल्या घाबरलेल्या जनावराचं होतं हे विसरायचं नाही. एवढी उंच नळी दवाखान्यात कोण उभी करणार? पोझॉयने १८२८ साली पाऱ्याची नळी वापरली आणि ते माप आटोक्यात आलं. १८९६ साली रिवा-रोच्चीने दंडाला बांधायचा पट्टा आणला, १९०५ साली कोरोटकोव्हने स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा दाब ठरवण्याची रीत दिली, आणि पारा डॉक्टरांच्या टेबलावर कायमचा बसला. आता तो विषारी म्हणून जगभर हद्दपार होतोय. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ साली झाला, २०१७ पासून लागू आहे. पारा जाईल, पण १२० आणि ८० हे आकडे राहतील, आणि राहावेत असंच मला वाटतं. किलोपास्कलमध्ये ते १६ आणि १०.७ होतात. सूत्रात बसवायला ते बरे, पण पिढ्यानपिढ्यांच्या डॉक्टरांचा अंदाज मिलिमीटर पाऱ्यात तयार झालेला आहे, आणि तो अंदाज मोडून मिळणारी शुद्धता मला परवडणारी वाटत नाही.

फुप्फुसाचे दाब मात्र इतके लहान की पाऱ्यात ते तीन-चार मिलिमीटरमध्येच संपतात. पाण्यात ते नीट दिसतात. नवजात बाळांना श्वासासाठी आधार देण्याची एक पद्धत आहे, तिच्यात नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं आणि बाळाकडून येणारी हवा त्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडते. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल तर बाळाला पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब मिळतो. तिथे गेज लागत नाही, गुणक लागत नाही. पट्टीवर जी खोली दिसते तोच दाब. एखादं एकक इतकं उघड्यावर काम करताना मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही.

आईच्या पलंगाजवळ मी शिकले ती गोष्ट वेगळीच होती. धमनीतल्या नळीचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजून मॉनिटरला कळवणारा सेन्सर, एका स्टँडला लावलेला होता. एकदा सिस्टरांनी पलंग वर घेतला आणि लगेच तो ट्रान्सड्यूसरही वर सरकवला, आईच्या छातीच्या बाजूला हात धरून, नजरेने रेष जुळवत. मग एक छोटी तोटी फिरवली, मॉनिटरवरचं बटण दाबलं, आलेख सपाट होऊन शून्यावर आला, आणि त्यांनी तोटी पुन्हा मूळ जागी नेली.

"सिस्टर, पलंग हलवला की हे परत का लावता?"

"हार्टच्या लेव्हलला लागतं ते. खाली राहिलं तर बीपी जास्त दाखवतं."

"आणि तोटी हवेला उघडलीत ती?"

"झिरो केलं ताई. शिफ्ट बदलली की करतोच, आता हलवलं म्हणून परत एकदा."

ट्रान्सड्यूसर हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला, तर नळीतला तेवढा सलाइनचा स्तंभ आकड्यात मिसळतो आणि मॉनिटर साडेसात मिलिमीटर जास्त दाखवतो. औषधाचा डोस त्यावर ठरतो. आणि तोटी हवेला उघडून शून्य करणं म्हणजे यंत्राला सांगणं, की आज या खोलीत हवा जेवढ्याने दाबते आहे, ते तुझं शून्य. माझ्या टेबलावर मी रोज हेच करते. त्या दोन हालचाली सिस्टरांनी इतक्या सहज केल्या की कॅलिब्रेशनमधल्या कुणालाही त्यांचा हात बघून समाधान वाटलं असतं.

नेमका इथेच दाब बाकीच्या मापांपासून वेगळा पडतो. मंगळाच्या पृष्ठभागावरचा सरासरी हवेचा दाब सुमारे ६१० पास्कल आहे. सेंटिमीटर पाण्यात सांगायचं तर सव्वासहाच्या आत. म्हणजे मंगळाचं वातावरण आणि आईच्या फुप्फुसात शिल्लक ठेवलेला दाब, दोन्ही पाच-सहा सेंटिमीटर पाणी. एकक एक, आकडा जवळजवळ एक. तरी मंगळावर उघड्या चेहऱ्याने माणूस काही सेकंदांतच बेशुद्ध पडेल, कारण तिथले सहा सेंटिमीटर संपूर्ण निर्वातापासून मोजलेले आहेत, आणि आईचे पाच सेंटिमीटर खोलीतल्या हवेच्या वर. त्या पाचाच्या खाली हवेचे हजारावर सेंटिमीटर आधीच होते, ते कुणी मोजत नव्हतं. पहिल्याला निरपेक्ष दाब म्हणतात, दुसऱ्याला गेज दाब. एकातून दुसऱ्यात जायला कुठलाही गुणक चालत नाही. तिथे बेरीज करावी लागते, आणि ती बेरीज त्या जागेच्या, त्या वेळच्या हवेच्या दाबाची असते.

गेजची रचना पाहिली की हे सहज पटतं. यूजीन बूर्दाँने १८४९ साली पेटंट घेतलेली नळी आजही बहुतेक गेजमध्ये आहे: चपटी केलेली आणि अर्धगोलाकार वाकवलेली धातूची नळी. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते, तिचं मोकळं टोक किंचित हलतं, आणि दात्यांमधून ती हालचाल काट्यापर्यंत मोठी होऊन येते. नळीच्या आत टाकीतला वायू, बाहेर खोलीतली हवा. नळी वाकते ती दोघांच्या फरकाने. बाहेरच्या हवेचा दाब उतरला तर टाकीला कुणी हात न लावताही काटा थोडा वर सरकतो.

निर्वाताच्या कामात यातून नेहमी घोळ होतो. एक जण म्हणतो, पंपाने ७०० मिलिमीटरचा व्हॅक्यूम दिला. दुसरा म्हणतो, आमच्या इथे ६० टॉर मिळतात. दोघे वाद घालतात, आणि बाहेरची हवा ७६० असेल तर दोघे एकच गोष्ट सांगत असतात. बाहेरची हवा ७४० वर आली की पहिल्याचे ७०० म्हणजे ४० टॉर होतात, मग खरोखरच वेगळी गोष्ट झाली. उंच डोंगरावरच्या गावात जिथे हवेचा दाबच ७०० आहे, तिथे ७२० मिलिमीटरचा व्हॅक्यूम कुठलाही पंप देऊ शकणार नाही, कितीही भारी आणा. काढायला तेवढी हवाच नाही. असा पंप "कमी पडतो" म्हणून परत पाठवण्याआधी भिंतीवरचा बॅरोमीटर बघावा.

बुडी मारणाऱ्यांना हा हिशेब अंगवळणी पडलेला असतो. दहा मीटर खोलीवर गेज १ बार दाखवेल, वीस मीटरवर २ बार. गेजच्या हिशेबाने दाब दुप्पट झाला. सोबत नेलेल्या फुग्यातली हवा मात्र अर्धी होत नाही, दोन तृतीयांश उरते, कारण खरा दाब २ बारवरून ३ बार झालेला असतो. पृष्ठभागापासून पहिल्या दहा मीटरमध्येच फुगा अर्धा होतो. म्हणून वर येताना शेवटचे दहा मीटर सगळ्यात जपायचे असतात. बॉइलचा नियम (दाब जितक्या पट वाढतो, तितक्या पटीने वायूचं आकारमान घटतं) निरपेक्ष दाबावरच चालतो, आणि गेजचा आकडा त्यात घातला की उत्तर बेधडक चुकतं.

आकाशात वेगळं संकट. विमानाचा उंचीमापक खरा म्हणजे बॅरोमीटर. खालच्या हवेचा दाब त्यात लावून दिला तरच तो उंची बरोबर दाखवतो. जगात बऱ्याच ठिकाणी हा दाब हेक्टोपास्कलमध्ये (शंभर पास्कलच्या एककात) सांगतात, उत्तर अमेरिकेत इंच पाऱ्यात. आता समजा दाब ९९२ हेक्टोपास्कल आहे आणि रेडिओवर तीन अंक ऐकू आले, नऊ, नऊ, दोन. इंचांची सवय असलेल्या कानाला ते २९.९२ वाटू शकतात, कारण तो तिथला रोजचा, प्रमाण आकडा आहे. ९९२ हेक्टोपास्कलचे खरे इंच २९.२९ होतात. २९.९२ लावलं तर विमान उंचीमापकावर दिसतं त्यापेक्षा जवळपास सहाशे फूट खाली असतं. ढगात, उतरताना. म्हणून दाब सांगताना एककाचं नाव तोंडाने उच्चारण्याचा आग्रह धरतात, आणि माझ्या मते दाबाच्या बाबतीत तो आग्रह जमिनीवरही धरायला हवा.

गुणाकाराचीही एक बाजू आहे जी तक्त्यात नसते: गोळाबेरीज कुठल्या दिशेने करायची. सुरक्षा झडपेची मर्यादा १५० पीएसआय असेल तर त्याचे १०.३४ बार होतात. तिथे १०.३ लिहायचं, १०.५ कधीच नाही, कारण ती वरची मर्यादा आहे. यंत्राला किमान ३० पीएसआय लागत असतील तर २.०७ बारचे २.१ करायचे, २ नाही. बार आणि किलो प्रति चौरस सेंटिमीटर यांत दोन टक्क्यांचाच फरक, म्हणून पुष्कळजण दोन्ही एकच धरतात. टायरमध्ये हवा भरताना धरा. पण २०० बारच्या सिलिंडरवर तो फरक जवळजवळ ४ किलोंचा होतो, आणि २५० बारपर्यंतच्या एक टक्का अचूकतेच्या गेजला फक्त अडीच बारची सूट असते. एकक चुकीचं वाचलं की चांगलं गेज नापास होतं, किंवा वाईट गेज पास.

पाइपच्या फ्लँजवर, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडायच्या कड्यावर, "क्लास १५०" कोरलेलं असतं, त्याचेही लोक बार करायला जातात. ते करायचे नाहीत. नेहमीच्या कार्बन स्टीलच्या क्लास १५० फ्लँजला सामान्य तापमानाला २८५ पीएसआय, म्हणजे १९.६ बार चालतात, आणि तापमान वाढलं की मर्यादा उतरत जाते. तो १५० म्हणजे नाव आहे.

हल्लीच्या डिजिटल गेजवर एकक बदलायला बटण असतं. दाबत जा, पीएसआय, बार, किलोपास्कल, टॉर, सगळे दशांश चिन्हानंतर चार घरांपर्यंत हजर. ते बटण गुणाकार बिनचूक करतं. शून्य निरपेक्ष धरलंय की खोलीच्या हवेचं, हे ते बदलत नाही. त्यासाठी आतला सेन्सरच वेगळा लागतो. आणि याद्या नीट वाचल्या तर पाण्याचे इंच दोन-तीनदा दिसतात: ४ अंशांचं पाणी, २० अंशांचं पाणी, कधी ६० अंश फॅरनहाइटचं. पहिल्याचा एक इंच २४९.०८ पास्कल, दुसऱ्याचा २४८.६४. फरक हजारात दोनही नाही. एअर फिल्टरपाशी लावायच्या गेजला त्याने काही बिघडत नाही, पण संदर्भ म्हणून वापरायच्या गेजला बिघडतं, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे का जुळत नाहीत याचा शोध घेताना अखेर हीच ओळ सापडते. माझ्या सर्टिफिकेटवर पाण्याच्या इंचापुढे पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं, आणि त्याच्या खालच्या ओळीत गेज की निरपेक्ष, तेही.